आपल्या मुली वर्ल्ड कपला गेल्या का? सतरा वर्षांखालच्या फुटबॉल स्पर्धा समजून घेताना

१७ ऑक्टोबर २०२५, शुक्रवार. किर्गिझस्तानातल्या बिश्केक शहरात भारताच्या सतरा वर्षांखालच्या मुलींनी उझबेकिस्तानला २-१ असं हरवलं. आधी एक गोल खाल्ला, मग दोन केले. रात्रीपर्यंत आमच्या घरच्या ग्रुपवर अभिनंदनाचे निरोप सुरू झाले. काकांनी लिहिलं, "मुली वर्ल्ड कपला पोचल्या!" आत्यानं लिहिलं, "एशियन गेम्सला ना?" माझी भाची शाळेच्या संघात खेळते. तिनं मला वेगळा मेसेज केला: "मावशी, वर्ल्ड कप तर आजच मोरोक्कोत सुरू झालाय. मग आपण नक्की कुठे पोचलो?"

प्रश्न अगदी बरोबर होता. सतरा वर्षांखालच्या मुलींचा वर्ल्ड कप खरोखरच त्याच दिवशी मोरोक्कोत सुरू झाला होता आणि त्यात भारत नव्हता. भारतानं मिळवली होती ती २०२६ मध्ये चीनमध्ये होणाऱ्या आशियाई स्पर्धेतली जागा. ती बातमी मोठीच होती, फक्त काकांनी लिहिली ती नव्हती. हा गोंधळ काकांपुरता नाही, म्हणून मुळापासून सांगते.

"सतरा वर्षांखालची" म्हणजे किती वर्षांची?

शाळेच्या प्रवेशाला जशी एक तारीख ठरलेली असते, तशीच इथेही असते. २०२२ च्या स्पर्धेसाठी १ जानेवारी २००५ किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुली पात्र होत्या, २०२५ साठी १ जानेवारी २००८ किंवा त्यानंतरच्या. स्पर्धा ऑक्टोबरात, म्हणजे जानेवारीत जन्मलेली मुलगी मैदानात उतरते तेव्हा तिला सतरा पूर्ण होऊन नऊ-दहा महिने झालेले असतात. "सतरा वर्षांखालची म्हणता आणि ही तर सतरा पूर्ण झालेली" अशी तक्रार ऐकू येते, तिचं उत्तर हे. नियम जन्मवर्षाचा आहे, वाढदिवसाचा नाही.

याचा एक परिणाम फारसा कुणाच्या लक्षात येत नाही. एकाच वर्गात जानेवारीतली मुलगी आणि डिसेंबरातली मुलगी शेजारी बसतात, पण दोघींमध्ये जवळजवळ वर्षाचं अंतर असतं. पहिलीच्या वर्गात हे अंतर ठळक दिसतं, बारावीत ते विरून जातं. निवड चाचणीत मात्र थोराड, वेगवान दिसणारी आधी निवडली जाते, आणि डिसेंबरातली "अजून लहान आहे" म्हणून मागे राहते. ती मागे राहिलेली मुलगी खेळात कमी होती की फक्त कॅलेंडरात मागे होती, हे तेव्हा कुणी पाहिलेलं नसतं. निवड करणाऱ्यांनी संघाची जन्ममहिन्यांची यादी एकदा तरी समोर ठेवावी असं मला मनापासून वाटतं.

तालुका, जिल्हा, विभाग, राज्य

शालेय क्रीडा स्पर्धांमध्ये वाढलेल्या आपल्या मंडळींना ही रचना समजायला सोपी आहे. तालुक्याला जिंकलात की जिल्ह्याला जाता, जिल्ह्याला जिंकलात की विभागाला, मग राज्याला. फुटबॉलमध्ये आशियातल्या संघासाठी तीन पायऱ्या आहेत.

पहिली पात्रता फेरी. छोटे गट एखाद्या शहरात जमतात, आठवडाभरात सामने उरकतात. बिश्केक ही ती पायरी. दुसरी आशियाई स्पर्धा, १२ संघांची. तिसरी वर्ल्ड कप. त्यात सध्या २४ संघ खेळतात आणि आशियाच्या वाट्याला त्यातल्या ४ जागा येतात. त्या चार जागांसाठी जपान, उत्तर कोरिया, दक्षिण कोरिया आणि चीन हे चौघे अंगणात उभेच असतात. २०२५ मध्ये मोरोक्कोला तेच चौघे गेले. आपल्याला वर्ल्ड कपला जायचं तर या चौघांपैकी एकाला बाजूला सारावं लागणार.

म्हणजे भाचीला उत्तर असं: आपण जिल्हा जिंकलो, आता विभागाला जायचंय.

"मग २०२२ मध्ये भारत वर्ल्ड कप खेळला होता तो कसा?" घरचं कार्य असलं की पंगतीत बसायला आमंत्रण लागत नाही, तसा. त्या वर्षीचं यजमानपद भारताकडे होतं आणि यजमानाला पायऱ्या चढाव्या लागत नाहीत. मुळात ही स्पर्धा २०२० सालीच इथे व्हायची होती. करोनामुळे ती पुढे गेली, मग रद्द झाली आणि २०२२ ची आपल्याला मिळाली. तीही हातची जायची वेळ आली होती. ऑगस्ट २०२२ मध्ये फिफानं, म्हणजे फुटबॉलच्या जागतिक संघटनेनं, भारतीय फुटबॉल महासंघाला बाहेरच्या हस्तक्षेपाच्या कारणावरून निलंबित केलं आणि दहा-बारा दिवसांनी निलंबन उठवलं. मोठ्यांच्या भांडणात त्या मुलींची स्पर्धा जाता जाता वाचली.

ऑक्टोबरात भुवनेश्वर, मडगावचं फातोर्डा आणि नवी मुंबईतलं नेरूळ इथे ३२ सामने झाले. मराठी आणि कोकणी माणसाच्या दारात आलेला हा वर्ल्ड कप किती जणांनी पाहिला? फार थोड्यांनी. मला त्याची आजही चुटपुट लागते.

हरवलं त्यांनी, पण पहिले आले हे!

गटातलं गणित समजण्यासाठी नेरूळचंच उदाहरण घेऊ. स्पेन, कोलंबिया, मेक्सिको आणि चीन एका गटात होते. जिंकल्यास ३ गुण, बरोबरीला १, हरल्यास शून्य. स्पेननं कोलंबियाला १-० असं हरवलं. गटाचे सामने संपले तेव्हा दोघांचेही गुण ६. तरी पहिला क्रमांक कोलंबियाचा!

कारण गोलफरक. केलेल्या गोलांमधून खाल्लेले गोल वजा करायचे, बस. कोलंबियाचा हिशेब दोनानं पुढे होता, स्पेनचा एकानं. क्रिकेटमध्ये गुण सारखे झाले की नेट रनरेट काढतात ना, तेच काम इथे गोलफरक करतो, आणि हा तोंडी काढता येतो. मात्र काही स्पर्धांत गोलफरकाआधी त्या दोघांमधला सामना कुणी जिंकला हे पाहतात. त्यामुळे स्पर्धा सुरू होण्याआधी एवढा एक नियम बघून ठेवावा. शेवटच्या सामन्यांची सगळी रंगत त्यावर असते.

२०२५ पासून गट ६ झाले, प्रत्येकी ४ संघांचे. पहिले दोन थेट पुढे जातात, म्हणजे १२. पण बाद फेरीला, म्हणजे हरलं की घरी अशा फेरीला, १६ संघ लागतात. मग सहा गटांतल्या तिसऱ्या क्रमांकांची वेगळी यादी लागते आणि त्यातल्या चांगल्या चौघांना आत घेतात. रेल्वेच्या आरएसीसारखं आहे हे. सामना संपला तरी तिसऱ्या आलेल्या मुलींना कळत नाही की बॅग भरायची की सराव करायचा. बाकीच्या गटांचा चार्ट लागेपर्यंत थांबायचं. आपण हरतोय हे दिसत असतानाही एखादा संघ शेवटच्या मिनिटाला जीव तोडून एक गोल का वाचवतो, याचं उत्तर इथे आहे. तो एक गोल उद्या दुसऱ्या कुणाच्या सामन्यानंतर उपयोगी पडणार असतो.

जादा वेळ नाही, आणि डीआरएससारखं काहीतरी

सीनियर वर्ल्ड कपच्या बाद फेरीत बरोबरी झाली की अर्धा तास जादा खेळतात. या वयात तसं नाही. ९० मिनिटं झाली की थेट पेनल्टी शूटआउट, म्हणजे एकेकीनं फक्त गोलरक्षकासमोर चेंडू मारायचा. कोवळ्या पायांवर दर तीन-चार दिवसांनी आणखी अर्धा तास लादू नये हे मला पटतं, पण पेनल्टीसाठी चेंडूपर्यंत एकटीनं चालत जाणं हेही सोपं नसतं. २०२२ मध्ये नायजेरियाच्या मुली सलग तीन सामन्यांत त्या प्रसंगातून गेल्या. उपांत्यपूर्व फेरीत अमेरिकेला शूटआउटमध्ये हरवलं, उपांत्य फेरीत फातोर्ड्याला कोलंबियाकडून शूटआउटमध्येच हरल्या, आणि तिसऱ्या क्रमांकाच्या सामन्यात जर्मनीविरुद्ध ३-० अशी आघाडी गमावून ३-३ झाल्यावर परत शूटआउट. तो जिंकल्या. त्या दिवशी मी आणि भाची नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये होतो. ती तेव्हा दहाची होती. शेवटची पेनल्टी होईस्तोवर तिनं माझा दंड सोडला नव्हता.

आता नव्यानं आलेली गोष्ट म्हणजे फुटबॉल व्हिडिओ सपोर्ट. मोठ्या स्पर्धांतला 'वार' (VAR) तुम्ही ऐकला असेल. त्यात एका खोलीत बसलेले पंच अनेक पडद्यांवर प्रत्येक प्रसंग तपासत असतात. ती व्यवस्था २०२२ ला इथे होती, पण खर्चिक आहे. २०२४ पासून या स्पर्धेत साधी पद्धत आली. खोलीत कुणी पंच नाहीत. प्रशिक्षकाला वाटलं की निर्णय चुकला, तर तो हवेत बोट गोल फिरवतो आणि चौथ्या पंचाच्या हातात एक कार्ड देतो. मग मैदानावरचा पंच कडेच्या पडद्यावर जाऊन स्वतः पाहतो. सामन्यात अशा दोन संधी मिळतात, मागणी बरोबर ठरली तर संधी शाबूत राहते. डीआरएस पाहणाऱ्या आपल्या लोकांना यात काही समजावून सांगायची गरजच नाही. फरक इतकाच की मागणी कर्णधार करत नाही, प्रशिक्षक करतो. गोल, पेनल्टी, थेट लाल कार्ड आणि चुकीच्याच खेळाडूला कार्ड दिलं जाणं, एवढ्याच बाबतीत ती करता येते.

"पण ०-८ हरलो होतो ना? मग कशाला पाहायचं?"

हा आक्षेप सगळ्यात जास्त वेळा ऐकलाय, म्हणून इथे थोडी थांबते.

होय, २०२२ मध्ये भुवनेश्वरला भारत अमेरिकेकडून ०-८, मोरोक्कोकडून ०-३ आणि ब्राझीलकडून ०-५ असा हरला. तीन सामने, १६ गोल खाल्ले, एकही केला नाही. हे आकडे झाकण्यात अर्थ नाही. पण ते कशाचे आकडे आहेत? अमेरिकेतली मुलगी सहा-सात वर्षांची असल्यापासून क्लबात जाते, दर आठवड्याला कुणाशी तरी सामना खेळते, वर्षामागून वर्षं. आपल्याकडची मुलगी बऱ्याचदा शाळेची निवड होईपर्यंत ठरावीक वेळेचा, पंच असलेला सामनाच खेळलेली नसते. आपली त्या वेळची कर्णधार झारखंडच्या गुमला जिल्ह्यातली होती. तिथून इथपर्यंत ती स्वतःच्या पायांनी आली होती, कुठल्या व्यवस्थेच्या खांद्यावर बसून नव्हे. शिबिरात धावायला, पास द्यायला शिकवता येतं. समोरची वेगानं अंगावर येताना अर्ध्या सेकंदात काय करायचं, हे शंभर सामने खेळल्याशिवाय येत नाही. गाडी चालवण्याचं पुस्तक पाठ करून कुणी दादरच्या ट्रॅफिकमध्ये उतरत नाही.

आता तारखा बघा. ब्राझीलविरुद्धचा तो ०-५ चा सामना १७ ऑक्टोबर २०२२ चा. बिश्केकचा विजय १७ ऑक्टोबर २०२५ चा. बरोब्बर तीन वर्षं. मुली वेगळ्या, कारण या वयोगटात दर खेपेला संघ नवा असतो. पण या वेळी यजमानपदाची पुण्याई नव्हती, जागा खेळून मिळवलेली होती. त्याच वर्षी जुलैत आपल्या सीनियर संघानं थायलंडला त्यांच्याच देशात २-१ हरवून, आणि ऑगस्टमध्ये वीस वर्षांखालच्या संघानं म्यानमारला यांगूनमध्ये १-० हरवून, आपापल्या आशियाई स्पर्धा गाठल्या. तीन वयोगट, एकच वर्ष. ०-८ लक्षात ठेवणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावं.

इथे जिंकणारे पुढेही जिंकतात का?

नाही, निदान सरळ रेषेत नाही. अमेरिकेच्या बायकांनी सीनियर वर्ल्ड कप चार वेळा जिंकलाय: १९९१, १९९९, २०१५, २०१९. सतरा वर्षांखालचा? एकदाही नाही. उत्तर कोरियाचं नेमकं उलटं. २००८, २०१६, २०२४ आणि २०२५ असे सतरा वर्षांखालचे चार वर्ल्ड कप त्यांच्याकडे, सीनियर एकही नाही. २०२५ च्या अंतिम सामन्यात त्यांनी नेदरलँड्सला ३-० हरवलं. प्याँगयांगमध्ये २०१३ पासून फुटबॉलची वेगळी निवासी शाळा आहे. मुली लहानपणापासून एकत्र राहतात, एकत्र खेळतात, त्यामुळे सोळाव्या वर्षी त्यांचा संघ घड्याळासारखा चालतो. पण सीनियर वर्ल्ड कपमध्ये त्यांचा संघ २०११ नंतर २०२३ पर्यंत एकदाही दिसला नाही. उत्तेजक द्रव्यांची बंदी, हुकलेली पात्रता, मग करोनाकाळातली माघार.

मग या स्पर्धेत पाहायचं काय? संघापेक्षा खेळाडू. २०१० च्या स्पर्धेत स्पेनकडून खेळलेली अलेक्सिया पुतेयास आणि २०१४ ला खेळलेली आइताना बोनमाती, या दोघींनी पुढे मिळून जगातल्या सर्वोत्तम खेळाडूला मिळणारी बॅलन डी'ओर २०२१ ते २०२५ अशी पाचही वर्षं घेतली. २०२२ ला आपल्याकडे सर्वोत्तम खेळाडू ठरलेली विकी लोपेस हिला २०२५ मध्ये जगातल्या सर्वोत्तम तरुण महिला खेळाडूचा कोपा पुरस्कार मिळाला. आणि कोलंबियाची लिंडा कायसेदो. पंधराव्या वर्षी अंडाशयाच्या कर्करोगातून बरी झालेली ही मुलगी २०२२ च्या जुलैत सीनियर कोपा अमेरिका (दक्षिण अमेरिकेतल्या देशांची स्पर्धा), ऑगस्टमध्ये वीस वर्षांखालचा आणि ऑक्टोबरात सतरा वर्षांखालचा वर्ल्ड कप खेळली. नेरूळला आम्ही तिला डावीकडून दोघी-तिघींना चकवत आत शिरताना पाहिलं. पुढच्या वर्षी ३० जुलैला सिडनीत सीनियर वर्ल्ड कपमध्ये तिनं जर्मनीवर अगदी तशीच चाल करत गोल केला, तेव्हा जगभर आश्चर्य व्यक्त झालं. आम्हाला नाही झालं.

वयचोरी होत नाही का?

शंका रास्त आहे. आपल्याकडे शालेय स्पर्धांत जन्मदाखल्यांचे प्रकार सगळ्यांना माहीत आहेत. मुलांच्या सतरा वर्षांखालच्या स्पर्धेत फिफा २००९ पासून मनगटाचा एमआरआय वापरते. मनगटाजवळचं हाड वाढताना तिथे एक फट असते आणि वाढ पूर्ण झाली की ती बुजते. मुलांमध्ये ती सतरा व्हायच्या आत पूर्ण बुजणं फार विरळा. पण मुलींची हाडं लवकर पक्व होतात, खरोखर पंधरा-सोळाच्या मुलीचीही फट बुजलेली असू शकते. म्हणून हीच चाचणी मुलींना लावली तर खरं बोलणारीवरच अन्याय होईल. इथे मदार उरते ती कागदपत्रांवर, आणि म्हणून जन्माची नोंद वेळेवर होणं हा खेळाचाही प्रश्न आहे.

रात्री साडेबारा वाजता

मोरोक्को २०२९ पर्यंत दरवर्षी या स्पर्धेचा यजमान आहे. पूर्वी ती दोन वर्षांनी व्हायची. त्यांचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागे, म्हणजे तिथले रात्री आठ हे आपले साडेबारा. सगळे ५२ सामने कुणी पाहू शकत नाही. माझी पद्धत सांगते. एक आशियाई संघ धरायचा, म्हणजे आपल्याला कुणाला गाठायचंय ते कळतं. एक संघ आवडीचा. आणि पहिल्या दोन दिवसांत डोळ्यात भरलेली एक मुलगी, जिचं नाव वहीत लिहून ठेवायचं. भाचीच्या वहीत आता अकरा नावं आहेत.

एवढ्या लहान मुलींवर एवढा ताण कशाला?

हा आक्षेप मला सगळ्यात जवळचा वाटतो. सोळा-सतराव्या वर्षी चूक व्हावी आणि ती कॅमेऱ्यात कायमची राहावी, ही गोष्ट साधी नाही. म्हणून एवढीच विनंती: अशा सामन्यातल्या एखाद्या मुलीच्या चुकीची क्लिप हसण्यासाठी पुढे पाठवू नका. ती कुणाच्या तरी घरी परत जाणार असते.

३० ऑक्टोबर २०२२ चा अंतिम सामना. स्पेन आणि कोलंबिया, गटातलेच दोघे पुन्हा समोरासमोर. ८२ व्या मिनिटापर्यंत ०-० आणि मग स्वयंगोल. चेंडू अडवायला गेलेल्या कोलंबियाच्या आना मारिया गुस्मानकडून तो स्वतःच्याच जाळ्यात गेला. वर्ल्ड कपचा निकाल त्या एका गोलावर लागला. घरी येताना हार्बर लाइनवर भाचीनं कोण जिंकलं याबद्दल एक शब्द काढला नाही. एवढंच विचारलं, "आता तिला परत घेतील का गं संघात?" मला उत्तर देता आलं नाही.

काही महिन्यांनी गुस्मानला जर्मनीतल्या बायर्न म्युनिक क्लबनं घेतलं. पुढच्या वर्षी ती कोलंबियाच्या सीनियर संघातून वर्ल्ड कपला गेली. ८ ऑगस्ट २०२३, मेलबर्न, जमैकाविरुद्धचा बाद फेरीचा सामना. बचावफळीतली मानुएला बानेगास निलंबित होती, म्हणून गुस्मानला सुरुवातीपासून उतरवलं. ५१ व्या मिनिटाला तिनं एका कडेवरून पलीकडच्या कडेपर्यंत लांबलचक पास दिला. कातालिना उस्मेनं तो पायावर अलगद झेलला आणि गोल केला. १-०. कोलंबिया पहिल्यांदाच वर्ल्ड कपच्या उपांत्यपूर्व फेरीत पोचली.

सामना आपल्याकडे भर दुपारी होता. भाचीनं शाळेतून आल्यावर तो गोल मोबाइलवर पाहिला, मागे नेऊन परत पाहिला, पास देणारीवर बोट ठेवलं आणि मला फोन लावला. "मावशी, ही तीच ना? आपली नेरूळची?"